कोमट पाण्याच्या बाजूने चार शब्द

ती. अक्कांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार (पाठ अजून वाकते, एवढं यावरून कळावं). तुमचा गुडघा कसा आहे? चष्म्याची काडी कानामागे टोचते असं तुम्ही लिहिलंत. मी बसवून दिली तेव्हा टोचत नव्हती, म्हणजे मधल्या काळात एक तर काडी वाकली असणार किंवा कान. चष्मा पाठवून द्या, कानाचं मला काही करता येणार नाही. बाकी आम्ही दोघं ठीक. ही सध्या जरा जास्तच ठीक आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

तुम्ही मागच्या पत्रात सरळ विचारलंत, वरच्या दोन खोल्या रंगवून ठेवल्या आहेत, येताय की नाही? सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची माझी सवय तुम्हांला ठाऊक आहे (म्हणजे तशी सवय नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे), म्हणून आधी वाचनालयातल्या सभेची हकिकत सांगतो. ती ऐकल्याशिवाय उत्तर ऐकण्यात अर्थ नाही, आणि ऐकल्यावर कदाचित उत्तराची गरजही उरणार नाही.

आमच्या वीजघराचं धुराडं तुम्ही पाहिलंच आहे. गेल्या खेपेला तुम्ही त्याच्याकडे बघून नाकाला रुमाल लावला होता आणि तो परत काढलात तेव्हा त्यावर तुमच्या नाकाचा छाप उमटला होता. त्या धुराड्याचा धूर वाऱ्याने जिकडे येतो, तिकडेच हिची लाँड्री. सकाळी तारेवर पांढरी चादर घालावी आणि दुपारी ठिपक्यांची काढावी, असा हिचा धंदा. एकच चादर दोनदा धुवायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. शेवटी एके दिवशी इस्त्री खाली ठेवून हिने जाहीर केलं, ‘‘ते धुराडं तरी राहील नाहीतर मी तरी. ते राहणार असेल, तर आपण अक्काकडे जायचं, लाँड्री तिकडे काढायची.’’ माझं चष्म्याचं दुकान लाँड्रीला लागूनच आहे, मध्ये फक्त एक लाकडी फळी. हे वाक्य फळीतून आलं तेव्हा मी एका भिंगाची कड घासत होतो. ते भिंग पुढे एका बाईंच्या चष्म्यात गेलं, आणि त्यांना अजून डावीकडचं जग जरा कललेलं दिसतं.

त्याच आठवड्यात वीज कंपनीची सूचना लागली. पुढच्या वीस वर्षांची वीज कुठून आणायची याचा आराखडा त्यांनी केला आहे, पण तो पक्का करण्यापूर्वी लोकांचं म्हणणं ऐकायचं आहे, तरी सर्वांनी यावं. (वीस वर्षांचं! मला उद्या कुठला शर्ट घालायचा हे सांगता येत नाही.) ही जाणार हे उघड होतं. पुरावा म्हणून तिने एक दुहेरी पलंगाची चादर सकाळपासून तारेवर टांगून ठेवली आणि संध्याकाळी हलक्या हाताने घडी घालून माझ्या काखेत दिली. मी सभेला गेलो तो असा, नागरिक म्हणून नव्हे, हमाल म्हणून.

सभागृहात कंपनीतर्फे दोघं होते. एक टायवाले साहेब, ज्यांचा चेहरा कुलूप लावल्यासारखा होता, आणि एक तरुण बाई, जिला लोकांनी पाच मिनिटांत ‘वीस वर्षं’ असं नाव ठेवलं, कारण तिच्या प्रत्येक वाक्यात हे दोन शब्द यायचे. बाई भली वाटली. तिला भिंतीवर नकाशा दाखवायचा होता, पण पडद्याची गुंडाळी अडकली. ओढता ओढता पडदा तिच्या हातात आला आणि दांडी साहेबांच्या पायावर पडली. भिंत हिरवी. मग बाईची नजर फिरत फिरत माझ्या काखेवर आली. मी हिच्याकडे पाहिलं. ही क्षणभर अडली. एकीकडे तिला त्या चादरीची काजळी दाखवायची होती, दुसरीकडे भर सभेत पांढरं कापड मागितलं गेलं आणि ते आपल्याच लाँड्रीचं, हा अभिमानही होता. अभिमान जिंकला. मी खुर्चीवर चढून चादर टांगली.

दिवे मालवले. चादरीवर आमचं गाव उमटलं, निळी नदी, पिवळे रस्ते, आणि अक्का, खरं सांगतो, फार सुंदर दिसत होतं. पंख्याच्या वाऱ्याने चादर हलायची तशी नदी वाहायची, टेकड्या श्वास घ्यायच्या. बाई सांगत होती की वीजघर बांधायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून जी माणसं वीस वर्षांनी दिवे लावतील त्यांचा विचार आजच करावा लागतो. ती माणसं आत्ता पाळण्यात आहेत. संध्याकाळी सगळे एकदम घरी येतात आणि विजेची मागणी कशी फुगते ते तिने एका रेघेने दाखवलं. ती रेघ मला कुशीवर झोपलेल्या माणसासारखी दिसली आणि माझेही डोळे जड झाले.

ते उघडले केशकर्तनवाल्याच्या आवाजाने. त्याला विचारायचं होतं की माझ्या दुकानावर हा काळा ठिपका कसला? बाई म्हणाली, आमच्या नकाशात ठिपके नाहीत. मागून निवृत्त मास्तर उठले. त्यांच्या गल्लीत दोन ठिपके होते, एक मोठा. एवढ्याशा गल्लीत दोन वीजघरं कशाला, असा त्यांचा सवाल. मग तर सगळी सभाच उठून उभी राहिली. ज्याला त्याला आपल्या घरावर ठिपका दिसायला लागला. एका आजोबांच्या घरावर नव्हता, तर आम्हांलाच का वगळलं म्हणून ते रागावले. साहेब कुलूप उघडून म्हणाले, ‘‘या टप्प्यावर ठिपक्यांबाबत काहीही सांगता येणार नाही.’’ यावर जो गलका झाला तो तुमच्या गावापर्यंत ऐकू आला नसेल तर खरंच कान दाखवून घ्या.

मग तुमची बहीण उठली. चादरीपाशी गेली. अंगावर निम्मी नदी आणि अर्धा बाजार घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘ही तुमच्या धुराड्याची काजळी आहे. आज सकाळपासूनची. तुमच्या नकाशात नाही, पण गावात सगळीकडे आहे.’’ आणि येऊन बसली. टाळ्या पडल्या. ‘वीस वर्षं’ बाईने लिहून घेतलं. साहेबांनी पुन्हा कुलूप लावलं.

इथे सभा संपली असती तर मी आज सुखी माणूस असतो. पण बाईच्या मनात आलं, म्हणाली, सगळ्यांनी जरा डोळे मिटा आणि वीस वर्षांनंतरचं आपलं घर बघा, त्यात काय काय चालू आहे ते सांगा. मिटले. अंधाऱ्या सभागृहात एवढी माणसं डोळे मिटून बसलेली, पंख्याचा तेवढा आवाज. कोणी म्हणालं, मुलगी परत आली आहे, वरच्या खोलीत तिचा दिवा जळतोय. कोणी म्हणालं, एक मोठं थंड कपाट आहे आणि त्यात काहीच नाही. मास्तर म्हणाले, मी दिसत नाही, पण माझा पंखा चालू आहे.

मला कालवा दिसला. वीजघराच्या मागे, जिथे यंत्र गार करून पाणी बाहेर येतं, तिथे ते कोमट असतं हे तुम्हांला मी दाखवलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही दुकानं बंद केली की तिथल्या पायऱ्यांवर जाऊन पाय सोडून बसतो. पाण्यावर हलकी वाफ असते, वीजघराचे दिवे त्यात लांब लांब होऊन हलत राहतात, आणि आपण आपल्याच पायांचे पाहुणे असल्यासारखं वाटतं. तर मी डोळे मिटून, कोणीही न विचारता, उभा राहिलो. म्हणालो, ‘‘धुराडं बंद केलंत तर कालवा गार पडेल. माझी बायको सकाळपासून इस्त्रीपाशी उभी असते. दिवसात ती बसते ती तिथेच. तिथे ती कपड्यांबद्दल बोलत नाही. एकदा तर गाणं म्हणाली होती. तेव्हा वीजघर चालू ठेवावं.’’

डोळे उघडले तर सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं, आणि सगळ्यांत जवळून ही.

आपल्याच नवऱ्याने, आपल्याच पुराव्यासमोर, शत्रूच्या बाजूने भाषण केलेलं ऐकून बाईमाणसाने काय करावं? ही शांतपणे म्हणाली, ‘‘धुराडं बंद करा. पाय मी घरी बादलीत बुडवीन.’’ हशा पिकला. बाईने मात्र गंभीरपणे माझं म्हणणंही लिहून घेतलं. शेवटी प्रत्येकाला कागदाच्या रंगीत टिकल्या दिल्या. चार तक्ते होते: जुनं वीजघर दुरुस्त करून चालवा, ते हळूहळू बंद करून वारा आणि ऊन यांची वीज घ्या, दुरून तारा टाकून आणा, किंवा आहे तीच वीज जपून वापरा. जे पटेल त्यावर टिकल्या लावायच्या. ही जाऊन लावून आली. नंतर चादर उतरवून आम्ही दोघांनी तिची घडी केली, मग मी माझ्या लावल्या, आणि आम्ही निघालो.

रस्ताभर ही पुढे. मी आपला चादर सांभाळत मागे. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, ‘‘अहो, धुराडं राहिलं, तर आपण अक्काकडे जाणार होतो ना? मग त्या पाण्यात तुम्ही बसणार होतात कुणाबरोबर?’’

अक्का, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हरलो तर कालवा जाणार होता, आणि जिंकलो तर गाव. एवढं साधं गणित मी भाषण करताना विसरलो. मग ती हसायला लागली, आणि एकदा हसायला लागली की ती भिंत धरते हे तुम्हांला माहीत आहे. तिथे भिंत नव्हती, म्हणून तिने मला धरलं.

काल कंपनीचा छापील आराखडा आला. वीजघर टप्प्याटप्प्याने बंद होणार. टिकल्यांवर सगळं ठरत नाही, खर्च आणि यंत्रांचं वयही बघतात, असं त्यात लिहिलं आहे, पण ही म्हणते ते सगळं सौजन्याने लिहायचं असतं. लोकांच्या सूचनांत एका जागी ‘कोमट पाणी (पाय)’ अशी नोंद आहे आणि पुढे ‘विचाराधीन’. पूर्ण बंद व्हायला बरीच वर्षं आहेत. तोवर रोज कालव्यावर जायचं, एकही संध्याकाळ चुकवायची नाही, असा हिचा हुकूम आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: येत नाही. खोल्यांना कोणता रंग दिलात ते मात्र कळवा, हिला उत्सुकता आहे.

तुमचा, निदान कागदावर तरी आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता. क. नागरिकांची एक सल्लागार समिती नेमली आहे आणि ही तिच्यावर आहे. समितीच्या दिवशी इस्त्री मी करतो. कोणाच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग दिसला, तर ते गिऱ्हाईक आमचं समजा.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. चादरीची घडी करताना हिने एक ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला. तो पसरला. ती काहीच बोलली नाही. काहीच बोलली नाही, अक्का! आपल्या दोघांनाही कळतं हे किती गंभीर आहे. त्यानंतर मी माझ्या सगळ्या टिकल्या धुराडं बंद करण्याच्या तक्त्यावर लावून आलो. हिला वाटतं मी वीजघराला लावल्या, आणि त्यावरून ती मला रोज चिडवते. चिडवू दे. हे तुमच्यापाशीच ठेवा, तिला कृपा करून सांगू नका. तुमच्या पोटात काही राहत नाही हे मी लग्नापासून ओळखून आहे, म्हणून तर दुसऱ्या कोणाला न लिहिता तुम्हांलाच लिहिलं. फक्त सांगाल ते दुपारी सांगा, मी दुकानात असताना. अशा वेळी नवऱ्याने फळीच्या पलीकडे असलेलं बरं.