आपली न तापणारी गाडी

प्रिय अप्पा,

काल तुमची गाडी धुराच्या तपासणीत पास झाली. अशी बातमी सगळ्यात आधी तुम्हाला सांगायची सवय अजून सुटली नाही, म्हणून लिहायला बसलेय. थोडं भांडायचंही आहे.

गाडीला पंधरा वर्षं होत आली. तपासणीत अडकली तर सरळ भंगारात, असं दादाने सांगून टाकलं होतं. त्याचं तरी काय चुकलं? मायलेज रसातळाला, मागून काळा धूर, भूगावच्या चढावर मागचे लोक काचा वर करायचे. पण आई अजूनही भाजी निवडायला गाडीतच जाऊन बसते, तुमच्या शेजारच्या सीटवर. तिला कसं सांगायचं?

पिरंगुटला सलीमकाकांकडे नेली. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही हा तुमचाच नियम. ते म्हणाले, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय. हवा किती, पेट्रोल किती, गाडीला कळंना झालंय." नवा बसवला. धूर तसाच. मग इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर बदलला. तरी तसाच.

"लई हट्टी हाय. अप्पावर गेलीया," असं म्हणून काका हात पुसत बसले. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मी गाडीतच बसले होते. इंजिन कधीपासून चालू होतं. गारठा होता म्हणून हीटर लावला, तर गार वारा. आणि एकदम आपल्या हिवाळ्यातल्या पहाटा आठवल्या. कोळवणला आत्याकडे जाताना मी आणि दादा मागे एका गोधडीत. हीटर लावा म्हटलं की तुमचं ठरलेलं, "मावळातली पोरं ना तुमी? थंडीला भ्यायचं न्हाई."

मी म्हटलं, "काका, हिचा हीटर कधीच गरम होत नव्हता."

त्यांनी तापमानाचा काटा पाहिला. तो तळाशीच होता. त्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं देवा! थर्मोस्टॅट म्याच काढलाय की. तुझ्या अप्पानंच काढाया लावला व्हता."

इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटीशी झडप. ती नाही म्हणून इंजिन कायम गार. आणि गार इंजिनाला गाडीतला कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल पाजत राहतो, सेन्सरचं ऐकतच नाही. इतकी वर्षं गाडीची आपली रोज पहाटच चालली होती.

"पण का काढला?"

"ताम्हिणीत उकळली व्हती न्हवं? तू लई रडली व्हतीस. दुसऱ्या दिशी आला आन् म्हनला, सलीम, कायबी कर, माझी पोरगी गाडीत बसाया भ्याली न्हाई पायजे."

मला आठवतंय, अप्पा. पहिलीत होते मी. माणगावला मामाकडे निघालो होतो. बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि मला वाटलं, गाडी फुटणार. तुम्ही मला कडेवर घेऊन लांब उभे राहिलात. म्हणालात, "पुन्यांदा न्हाई उकळायची." आणि ती खरंच कधी उकळली नाही. पण ते कसं जमवलंत हे एकदा तरी सांगायचं होतं ना? पेट्रोलवरून आई किती बोलायची तुम्हाला, आणि तुम्ही नुसते मिशीतल्या मिशीत हसायचात.

काकांनी नवा थर्मोस्टॅट आणला आणि विचारलं, "बसवू?" खरं सांगू? नको वाटलं. तुम्ही माझ्यासाठी केलेलं मीच कसं मोडू? पण तसंच राहू दिलं असतं तर गाडीच गेली असती. म्हटलं, बसवा.

काटा हळूहळू चढला आणि मध्यावर थांबला. धूर विरला. हीटरमधून पहिल्यांदा ऊब आली. काका तोंड फिरवून पाने शोधायला लागले. पाने समोरच होते.

रविवारी आईला घेऊन ताम्हिणीतून मामाकडे जातेय. गाडी मी चालवणार. काट्यावर नजर ठेवीन, चढ संपला की तिला विसावा देईन, पाण्याचा कॅन डिकीत ठेवलाय. आणि उकळलीच, तर आईचा हात धरून लांब उभी राहीन, वाफ बसेपर्यंत. मी भिणार नाही, अप्पा.

तुमची,
चिमी