कांगारूच्या डब्यातली कवळी

ती. वन्सं यांना वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे अर्धीच वाकते, उरलेला देव पोचवील).

तुमची कंबर कशी आहे? आमचे देव ठेवील तसे. हे पत्र यांच्याच टिपणांच्या पाठकोऱ्या कागदावर आहे, तेव्हा मागे कांगारूची दाढ दिसली तर दचकू नये.

तुमच्या बंधूंनी जन्मभर पिशवीवाल्या प्राण्यांचे दात मोजले. दात खाण्याने घडतो की घराण्याने, एवढाच प्रश्न. आपल्या दोघींचा वादही तोच. यांचे दात माझ्या डाळीतल्या खड्यांनी गेले असे तुम्ही म्हणता, आणि तुमच्या घराण्यात पन्नाशीनंतर कोणाच्या तोंडात दात पाहिला नाही असे मी (मनात) म्हणते. यांचे म्हणणे, दोघी बरोबर. खाणे दाताला घडवते, पण पूर्वजांनी हाती दिले असेल त्यातूनच.

गेल्या महिन्यात संग्रहालयाने दातांचे ठसे परत मागितले. हे अंथरुणाला खिळलेले, म्हणून सगळे डबे मीच बांधले (सुतळी जुनीच). त्यात उशाजवळचा कांगारूच्या ठशांचा डबाही गेला, आणि त्यात यांची कवळी. तिथल्या बाईंचे पत्र आले, की एक नमुना यादीत नाही. आहार मऊ असावा, घराणे सांगता येत नाही. किती दिवसांनी हे हसले. म्हणाले, "घराण्याचं तेवढं ताईला कळवू नकोस."

कवळी परत आली, पण तोवर यांचे तोंडच आक्रसले. बसत नाही. डॉक्टर म्हणतात, पोटात अन्न गेले नाही तर पंधरा दिवस. काल चार चमचे पेज गेली, आज दोन. नवी कवळी करू म्हटले, तर सांगू लागले, की कांगारूच्या दाढा एकामागून एक पुढे सरकतात, आणि शेवटची गळली की तो भरल्या कुरणात उपाशी मरतो. "त्यात कोणाचा दोष नसतो गं." मी देवापुढे जाऊन बसले. जप काही झाला नाही.

बाकी सगळे ठीक, म्हणजे नाही.

तुमची भावजय

ता. क. डाळ मी नीट निवडत नसे. तुमचेच खरे होते. हे लेखी देते आहे, जपून ठेवा.

आणखी एक. तुम्ही यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. यांना दात यायच्या आधी तुम्हीच मांडीवर घेऊन भरवत होता म्हणे. काय भरवत होता, आणि कसे, ते उलट टपाली कळवा. कंबर बरी असली तर लिहीत बसू नका, निघून या.