बाहुलीघराच्या उजव्या खिडक्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग. प्रत्यक्षात हल्ली कंबर वाकेल तेवढाच.) भाऊजींचा खोकला बरा असेल. नसला तरी त्यांच्या मागे वाफेसाठी लागू नकोस. ते ऐकायचे नाहीत आणि तुझंच डोकं दुखेल. इकडे आम्ही मजेत. हिचे गुडघे, माझं पोट आणि आप्पांची भूक, तिन्ही जागच्या जागी आहेत.

तुझ्या नातीच्या बाहुलीघराचं काय झालं, हे तू फोनवर विचारलंस तेव्हा मी आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. पण ही हकिगत तोंडी सांगायची म्हणजे तू पहिल्या वाक्याला हसणार आणि दुसऱ्याला सल्ला देणार. पत्रात मध्येच बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं लेझर कटिंगचं मशीन तू अजून पाहिलेलं नाहीस. झाकणाची मोठी पेटी म्हण. आत मागच्या बाजूला काचेची नळी, तिच्यातून किरण निघतो, तीन आरशांवर टप्पे घेत लाकडाच्या फळीवर उतरतो आणि फळी कापतो. किरण डोळ्यांना दिसत नाही. (न दिसणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर दुकान टाकणारा माणूस हिने दुसरा पाहिलेला नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.) आरसा जरासा जरी कलला तरी किरण वाट सोडतो. जवळच्या कोपऱ्यात ते कळत नाही, पण लांबच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत त्याच्यात दम उरत नाही. झालं तेच. बाहुलीघराच्या डाव्या भिंतीच्या खिडक्या टपाटप सुटून आल्या आणि उजव्या भिंतीवर नुसत्या तपकिरी रेघा उमटल्या. डावीकडून घर, उजवीकडून घराचं चित्र.

यावर उपाय सोपा आहे, असं सगळे म्हणतात. आरशावर कागदी चिकटपट्टी लावायची, झाकण बंद करून बटणाला टिचकी मारायची, पट्टीवर जळका ठिपका उमटतो. मग पुढचा आरसा लांब सरकवून पुन्हा टिचकी. दोन्ही ठिपके एकावर एक बसले पाहिजेत. नाही बसले तर आरशामागचे स्क्रू किंचित पिळायचे आणि पहिल्यापासून सुरुवात. (हे स्क्रू मुळातच अर्धवट सैल असतात, आणि तसेच राहायला हवेत. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) आई तुझा भांग सरळ पडेपर्यंत पुन्हा पुन्हा विंचरायची, त्यातलाच प्रकार. संध्याकाळपर्यंत माझे ठिपके जमले. मी हिला कौतुकाने हाक मारली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि एवढासा ठिपका दाखवायला गॅससमोरून बोलावलंत का, म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं, तर पुन्हा उजव्या खिडक्या बंद. पुन्हा पट्टी, पुन्हा टिचक्या, संध्याकाळी ठिपके जमले. सकाळी पुन्हा बिघडले. असं रोज चाललं. मशीनवाल्याला फोन केला. त्याने आधी शेजारी कुठे खोदकाम चाललंय का विचारलं, मग घरात उंदीर आहेत का विचारलं, आणि शेवटी अगदी आदराने माझं वय विचारलं.

मग एकदा सकाळी दूध तापेपर्यंत सहज दुकानाच्या खोलीत डोकावलो. आप्पा मशीनवर वाकलेले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात त्यांचा तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, ओठांत शीळ. तुला आप्पांचा सकाळचा फेरा ठाऊक आहेच. नोकरी सुटली तरी त्यांच्यातला फिटर काही सुटला नाही. कढईचे कान, कपाटाच्या मुठी, खुर्च्यांचे पाय, घरातला प्रत्येक स्क्रू रोज त्यांच्या हाताखालून जातो. तो फेरा मशीनपर्यंत पोचला होता. मला पाहून म्हणाले, "मशीन बरं आहे रे, पण बनवणाऱ्याने स्क्रू आवळलेच नाहीत. रोज आवळतो, रोज सैल होतात." म्हणजे दिवसभर मी सैल करत होतो आणि सकाळी ते पिळत होते, आणि दोघंही मशीनला नावं ठेवत होतो.

ताई, आई गेल्यावर ते कसे भिंतीकडे तोंड करून बसायचे, ते तू पाहिलंयस. मशीन आल्यापासून ते शीळ घालायला लागलेत. ती शीळ माझ्या बोलण्याने बंद व्हावी, हे मला नको होतं. 'आप्पा, तुमच्यामुळेच सगळं बिघडतंय' हे वाक्य मी पुष्कळ वेळा जुळवलं आणि गिळलं.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहिलं. बाहुलीघर कापून होईपर्यंत आप्पांना आठेक दिवस तुझ्याकडे बोलावून घे. कारण काहीही सांग. तू बोलावलंयस, असं मी त्यांना आजच सांगून टाकलं आहे.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, ते बरं झालं. आप्पांनी काल मुकाट्याने पिशवी भरली. आज ते फेऱ्याला उठलेच नाहीत. ठिपके जिथल्या तिथे होते आणि मला ते बघवेनात. शेवटी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, तुला स्क्रू आवळता येत नाहीत. पोराला वाईट वाटेल म्हणून मी बनवणाऱ्याच्या नावावर खपवलं." तेव्हा त्यांना बोलावू नकोस. पिशवी पुन्हा रिकामी केली आहे. हिने आरशांच्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा लाल थेंब लावलाय. लाल दिसलं की हात लावायचा नाही, एवढं ठरलं. उजव्या खिडक्या आरपार कापल्या. बाहुलीघर सोबत पाठवतो. दाराच्या बिजागऱ्या आप्पांनी हौसेने स्वतः बसवल्यात. त्यामुळे दार उघडत नाही. नातीला खिडकीतून ये-जा करायला सांग.

ता. क. एकच अडचण उरली आहे. घरात आवळायला काही शिल्लक राहिलं नाही आणि आप्पा सकाळी नुसतेच येरझारा घालतात. तुझ्याकडच्या डुगडुगत्या खुर्च्या, हलणाऱ्या मुठी, जे असेल ते टेम्पोत घालून इकडे पाठव. डुगडुगत नसल्या तर भाऊजींना बसव आणि आधी थोड्या सैल करून घे.