पूर्वेच्या बाजूची फुली

आबा, काल ट्रंकेतले लोकरीचे कपडे उन्हात घालताना तळाशी फुलस्केपचे चार कागद सापडले. फळियातलं, म्हणजे सुरतेच्या त्या आळीतलं, घर आपण घेतलं तेव्हा खरेदीखताचा गुजराती मसुदा तुम्हाला कळावा म्हणून मी मराठीत उतरवून दिला होता, तेच हे. अक्षर माझं, आणि इतकं नटवलेलं की आता पाहताना संकोच वाटतो. ‘सदरहू मिळकत निर्वेध, निष्कंटक व बोजारहित’ इथं तर मी टाक नव्यानं बुडवलेला दिसतो. शाई जास्तच काळी आहे. तिसऱ्या पानावर चतुःसीमा. घर कुठं आहे हे खतात असंच सांगतात, चारी बाजूंना कोण राहतं ते लिहायचं, मध्ये जे उरेल ते आपलं. ‘पूर्वेस विधवा बाईचे राहते घर’ या ओळीशेजारी समासात पेन्सिलीची एक फुली आहे. ती तुमची. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात टेबलावरून तागा सरकताना दोष दिसला की तुम्ही खडूनं मारायचात, अगदी तशीच. कागद आणि कापड यांत तुम्ही फारसा फरक करत नव्हता.

गुजरात वेगळं झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी नुकताच हायस्कुलात संस्कृत शिकवायला लागलो होतो, म्हणजे जगातल्या सगळ्या लिखित मजकुराचा मालक झालो होतो. खानदेशातून आलेल्या माणसानं सुरतेत स्वतःचं घर घ्यायचं ही फळियात बातमीच होती, आणि तुम्ही ती बातमी दस्तलेखकाच्या ओट्यावर चार दिवस पुरवून खाल्लीत. विकणाऱ्याचे भाऊ किती, ते सह्या करणार की नाही? घर कुठं गहाण तर नाही? घरपट्टी कुणी थकवली असेल तर ती कुणाच्या डोक्यावर? नोंदणी झाल्यावर मूळ कागद कुणाकडे राहतो? किल्ली सहीच्या आधी की नंतर? दस्तलेखकानं शेवटी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “काका, घर लो छो के दीकरी परणावो छो?” घर घेताय की मुलगी उजवताय, असा त्याचा टोला. तुम्ही शांतपणे अहिराणीतच उत्तर दिलंत, “दोन्हीमा शेजार देखनं पडस.” त्याला ते कळलं नसावं. मी मात्र शरमलो. तुमचं हे कचेरीत अहिराणी बोलणं मला तेव्हा फार खुपायचं.

मग तुम्ही शेवटचा प्रश्न काढलात. पूर्वेच्या घरातल्या मासींचं मागचं दार आपल्या परसात उघडतं, आणि परसातून त्या पलीकडच्या गल्लीतल्या नळावर जातात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून जातात. पुढच्या अंगानं जायचं तर सगळ्या फळियाला वळसा. विकणाऱ्यानं तुम्हाला हे सांगितलं होतं, तुम्ही मासींना “खुशाल जा” म्हणूनही आला होतात. आता ते खतात लिहायचं की नाही, एवढंच विचारत होतात. दस्तलेखकानं खांदे उडवले. लिहिलं तरी चालतं, नाही लिहिलं तरी कुणी अडत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

आबा, त्या वेळी माझ्या मनात मासींचा हंडा नव्हता. माझ्या मनात ‘निष्कंटक’ होतं. इतक्या स्वच्छ, घोटीव मजकुरात नळ आणि म्हातारी कशाला, आणि खताच्या शेवटी चक्क ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असताना हे हंड्याचं शेपूट बरं दिसेल का, असं काहीसं मला वाटलं. बोलताना मी अर्थात व्यवहारी बोललो. म्हटलं, लिहून ठेवलं तर उद्या घर विकताना अडचण होईल. आपण काही तिला अडवणार नाही, मग लिहायचं कशाला? तुम्ही कागद हातात घेतलात आणि म्हणालात, “लिखं नही म्हनीसन ते नही व्हयी जास का?” लिहिलं नाही म्हणून ते नाहीसं होतं का, हे ऐकून मला वाटलं तुम्ही माझंच म्हणणं मान्य केलंत. मग तुम्ही दस्तलेखकाची पेन्सिल घेऊन फुली मारलीत, कागद मला दिलात आणि म्हणालात, “बरं, तू शिकेल शे.” शिकलेला म्हणून ते माझ्यावर सोडलंत.

त्या फुलीचा अर्थ मी कधी विचारला नाही. गिरणीत खडूची फुली म्हणजे कापड टाकून द्यायचं असं नसतं, हे मला माहीत होतं. पुढच्या टेबलावर सुई घेऊन बसलेल्या माणसाला ती दाखवते की इथं धागा भरायचा राहिला आहे.

नोंदणी झाली त्या दिवशी पेढे तुम्ही आधी मासींकडे नेलेत, देवापुढे नंतर ठेवलेत, म्हणून आई दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी तीच परसात मासींशी बोलत उभी. मासींची फेरी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पितळी हंडा कमरेवर, आणि जाता-येता काहीतरी इकडचं तिकडे. आईची कळण्याची भाकर तिकडे जायची, हिवाळ्यात तिकडून पोंक यायचा, सोबत शेव आणि लिंबू. तुम्ही तो कोवळा हुरडा तळहातावर घेऊन हसायचात, की आपल्या शेतातली ज्वारी या लोकांनी नाव बदलून आपल्यालाच खाऊ घातली. मासी तुम्हाला ‘भाई’ म्हणायच्या. तुमच्या मुलानं खत वाचून तपासलं हे तुम्हीच त्यांना सांगितलं होतं. एकदाच नव्हे, हे मला नंतर कळलं. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तेराव्यानंतरच्या सकाळी मासी त्यांच्या दारात हंडा घेऊन थांबल्या आणि आत पाहून त्यांनी विचारलं, येऊ का? आई त्यांच्यावर अशी काही ओरडली, की पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

आईही गेली. शाळा दूर पडायची, मुलं मोठी झाली, सोसायटीतला फ्लॅट ठरला. घर घ्यायला एक कापडवाला आला. त्याला तिथं राहायचं नव्हतं, माग बसवायचे होते, आणि परसात शेड टाकायची होती. त्याचा वकील तरुण होता, नीट होता. त्यानं मला समोर बसवून एकेक प्रश्न विचारला. मला हसू येत होतं, कारण यादी जवळजवळ तुमचीच होती. भाऊ-बहिणी? गहाण? घरपट्टी? घर मोकळं कधी करणार? मी खडाखड उत्तरं देत होतो. मग त्यानं विचारलं, मिळकतीतून दुसऱ्या कुणाची जा-ये आहे का? कापडवाला शेजारीच बसला होता. आहे म्हटलं असतं तर तो उठून गेला असता, आणि फ्लॅटची तारीख जवळ आली होती. मासींचा हंडा परसातल्या फरशीवर टेकवतानाचा आवाज मला त्या खुर्चीत बसून ऐकू आला. विसरलो वगैरे नव्हतो. “नाही,” मी म्हणालो. जुन्या खतात तसं काही लिहिलेलं नाही, हेही वर जोडलं. वकिलानं नव्या खतात ‘निर्वेध’ लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासून मी सही केली.

पावसाळ्याआधी भिंत उभी राहिली. मासी तेव्हा सत्तरीच्या पुढच्या असतील. मला त्या भाजीबाजारात भेटल्या. हातात पिशवी, दुसरा हात कमरेवर, जिथं हंडा असायचा तिथं. माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी केली, फ्लॅटला पाणी दोन वेळा येतं का विचारलं. येतं, म्हटलं. मग त्या म्हणाल्या, “दीकरा, तारा बापुए हा पाडेली.”

तुम्ही हो म्हणाला होतात, ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, “दस्तमां नहोतुं, मासी.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. राग नव्हता त्यात. मुलाचा ताप उतरला का हे जसं पाहतात तसं पाहिलं. “दस्त तो तें ज वांचेलो ने?” एवढं म्हणून त्या वांगी निवडायला लागल्या. खत मीच तर वाचलं होतं. आयुष्यात संस्कृतचे इतके पेपर तपासले, पण एका प्रश्नात पूर्ण नापास झाल्याची मला तेवढी एकच आठवण आहे.

वर्षभर त्या फळियाला वळसा घालून पाणी आणत होत्या. मग त्यांनीही घर विकलं, त्याच कापडवाल्याला, आणि बारडोलीला पुतण्याकडे गेल्या. आता दोन्ही घरांचं मिळून एकच छप्पर आहे आणि खाली माग चालतात. पूर्वेस कोण, हे नव्या खतात काय लिहिलं असेल कोण जाणे.

घरी मी सांगत आलो, की कायद्यापुढे माझा इलाज नव्हता, खतात एक ओळ नव्हती त्याचं हे फळ. हे तुम्हालाही असंच लिहून कागद ट्रंकेत ठेवणार होतो. पण भिंत उभी राहिल्यावर एका लग्नात पंगतीला तोच वकील शेजारी बसला होता. जिलबी वाढेपर्यंतचा वेळ घालवायला मी सहज म्हणून विचारलं, की एखादी वाट खतात नसेलच, तर संपलंच ना? तो म्हणाला, छे. वीस-वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता ये-जा असेल तर तो हक्क होऊन बसतो, कागद असो नसो. कोर्टात कुणीतरी उभं राहून सांगायला मात्र पाहिजे, की हो, मी पाहिलं आहे. म्हणजे तुम्ही पेन्सिल हातात घेऊन जे अहिराणीत विचारलं होतंत, त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकातही ‘नही’ असंच होतं, आबा. आणि अगदी पहिल्यापासून हे आपल्या परसातून पाहिलेला माणूस एक मीच उरलो होतो.

मी जिलबी खाल्ली. ते लग्न माघातलं. मासी बारडोलीला गेल्या त्या त्यानंतर तीन महिन्यांनी, वैशाखात.