खाणीवरचा गूळ

बाबा, आज प्रयोगशाळेत मला तुमचा इतका राग आला की सूक्ष्मदर्शक तसाच सोडून मी बाहेर जाऊन उभी राहिले. काचपट्टीवर सुर्ला गावच्या एका माणसाच्या फुप्फुसातलं पाणी होतं. तुमच्यासारखाच खाणीवर दगड फोडायच्या क्रशरवर राबलेला. पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड. एरवी त्या रक्तातून हिंडत असतात. छातीत धूळ गेली की रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि तिकडे धावतात. धूळ गिळतात. पण दगडाची धूळ पचणार कुणाला? पेशी फुटते, धूळ पुन्हा मोकळी होते, आणि फुटता फुटता ती आणखी पेशींना बोलावून घेते. त्या येतात, येतच राहतात. जंतू मारायचं त्यांचं विष आपल्याच फुप्फुसाला भाजतं, तिथे वण धरतात, आणि श्वास आत मावेनासा होतो. तुम्ही क्रशर सोडलात तरी तुमच्या छातीत हेच चालू होतं. त्या मूर्ख पेशींना कुणी थांबा म्हटलं नाही.

आणि तुम्ही काय करत होता? गूळ खात होता! काम सुटलं की मुकादम एकेकाच्या हातावर खडा ठेवायचा. 'खावा, धूळ खाली उतरती.' धुळीवर पाणी मारण्यापेक्षा त्याला ते सोपं. तुम्ही पडलात कोल्हापूरकडचे, गुळावर तुमचा देवापेक्षा जास्त भरवसा. मिळालेले मास्क कपाटात, कोरेच्या कोरे. आई इथलीच, सर्वण गावची, ती तिच्या बोलीत कडाडते आहे, 'तें तोंडाक बांदपाक दिलां, कपाटांत दवरपाक न्हय!' आणि तुम्ही हसता आहात. 'दम कोंडतो गं त्यात. गूळ हाय की.' त्या हसण्याची मला आजही चीड येते. वर त्यातला अर्धा खडा कागदात बांधून माझ्यासाठी आणायचात, आणि मी तो दारातच मटकावायची.

मी बारावीत होते तेव्हा तुम्ही आडवं पडलं की दम लागतो म्हणून बसून झोपायला लागलात. एका दुपारी आईला म्हणालात, 'अर्धा गूळ पोरीला देत गेलो. सगळा खाल्ला असता तर एवढं झालं नसतं.' मी पलीकडच्या खोलीतच होते, बाबा. असं कसं बोलवलं तुम्हाला? अन्ननलिका वेगळी, श्वासनलिका वेगळी, ही आकृती मी त्याच आठवड्यात वहीत काढली होती. गूळ पोटात जातो, छातीत नाही, एवढं एक वाक्य आत येऊन सांगायचं होतं. पण आत न येता मी रागाने वही मिटली. इतकी वर्षं त्या मुकादमाला मनातल्या मनात शिव्या घालते आहे, की याने माझ्या बापाला गोड बोलून फसवलं.

हे पत्र काचपट्ट्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून देणार आहे, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. शेवटच्या सकाळी तुम्ही फळीवरच्या गुळाच्या डब्याकडे बोट दाखवलंत. मला सगळं माहीत होतं. तरी मी खडा फोडला, तुमच्या हातात दिला आणि अगदी त्या मुकादमासारखीच म्हणाले, 'खावा बाबा, सगळा खावा. धूळ उतरती.' तुम्ही मान हलवलीत. मग खड्याचे दोन तुकडे केलेत आणि त्यातला मोठा माझ्यापुढे धरलात.

मी तो खाल्ला.