गुरुत्वाकर्षणाचे आभार

बाबा, तुम्ही त्या दिवशी भरल्या ताटावरून उठलात, ते मला अजून पटलेलं नाही. तुम्हाला जाऊनही इतकी वर्षं झाली, तरी भिंगारचं ते स्वयंपाकघर आठवलं की माझं डोकं तापतंच.

आपल्याकडे जेवणाआधीच्या प्रार्थनेत प्रत्येकानं एकेका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे. शाळेत तुम्ही विज्ञान शिकवायचात, म्हणून घरातले आभारही तसलेच, कधी उजेडाचे, कधी वाफेचे. युद्ध संपलं तो आठवडा. जपानवरच्या अणुबाँबची बातमी तुम्ही नुकतीच पेपरातून वाचून दाखवली आहे आणि पाळी माझी येते. तुम्ही सांगता, आज गुरुत्वाकर्षणाचे आभार मान. मी डोळे उघडते.

"आज नाही मानणार. विमानानं बाँब नुसता सोडला, बाबा. खाली ओढला तो पृथ्वीनंच. उद्या कुणी ही ओढच हवी तशी वळवली आणि अख्खं गाव दाबून टाकलं तर?"

"असं होत नसतं."

"अणू फुटत नसतो, हेही तुम्हीच शिकवलं होतं."

"आगं, जेवू तरी दे त्यांना," आई म्हणाली. "लई झालं तुझं." पण तुम्ही उठला होतात.

पुढच्या जूनला मला पुण्याच्या कॉलेजात विज्ञान शिकायला धाडायचं तुम्हीच ठरवलं होतंत. ते मोडलं. मी नगरलाच मास्तरीणबाई व्हायचं शिकले. "त्या विद्येचं काय झालं, पाहिलंस ना," एवढंच तुमचं कारण. अहो, बाँब काय मी बनवला होता?

नंतर मिळेल ते वाचत गेले. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर काही फार अवघड नव्हतं. ही ओढ भलतीच दुबळी. सगळी पृथ्वी खाली खेचत असताना आई भरली घागर सहज कमरेवर घ्यायची. ती ओढ वाढवायला डोंगरही पुरायचा नाही, दुसरा ग्रहच आणावा लागेल. हे तुम्हाला तेव्हा सांगता आलं असतं. नाहीतर पुण्याहून सुटीत येऊन मी तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही घाबरलात आणि दार माझं लावलंत, याचा राग जात नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. ही ओढ कुणी कधीच वळवू शकणार नाही, याची पुरती खात्री मलाही नाही. पण त्या दिवशी तुम्ही उलट मलाच विचारलं असतंत, तर मी ठाम "नाही" म्हणाले असते आणि तुम्हाला जेवायला बसवलं असतं.