बंद घराची नोंद

प्रिय बुटके,

तुझ्या पत्राला पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. तुझ्या आईला भास होतात, भिंतीत कुणीतरी गुरगुरतं म्हणते, म्हणून वीस तारखेला तिला वृद्धाश्रमात पोचवायचं ठरवलंस. त्याआधी मी एकदा बघून यावं, असं लिहिलंस. मी जाऊन आले. पण आधी टॉवरबद्दल सांगते. टाळाटाळ वाटेल, तरी वाच.

तुमच्या घरामागे मोबाइलचा टॉवर उभा राहिला, त्याचा परिसरावर आणि माणसांवर काय परिणाम होईल याची पाहणी माझ्याकडे होती. टॉवर हवाच होता, हे मी आजही म्हणेन. कोपऱ्यावरच्या शिंप्याला फोन लावायला गच्चीवर जावं लागे. तो म्हणायचा, "ताई, मला झटका आला तर आधी जिना चढायचा, मग मदत मागायची!" आतून बायको ओरडायची, "तुम्ही नुसते पडा, बोंब मारायला मी आहे." किरणांची मोजमापं मर्यादेत आली. मागच्या झाडांवरची घरटी मोजायला मी तीन दिवस पहाटे गेले. अकरा भरली. एक रिकामं वाटत होतं, म्हणून चौथ्यांदाही गेले.

घरांसाठी नियम असा, की तीनदा जायचं. तिन्ही वेळा दार उघडलं नाही तर 'बंद घर' लिहायचं, आणि बंद घराची हरकत नाही असं धरायचं. तुमच्याकडे पहिल्यांदा कुलूप होतं. दुसऱ्यांदा बेल वाजवली तर आतून तुझ्या आईचा, काकूंचा आवाज आला, "आले गं बाई, आले, गुडघ्यांना विचारून येते!" मी घड्याळ पाहिलं. काकू भेटल्या की तास मोडतो. लग्न का केलं नाहीस इथून सुरू होतात त्या माझी हाडं किती वर आलीत इथपर्यंत. आणखी नऊ घरं उरली होती. पुढच्या वेळी निवांत बसू, असं स्वतःला सांगून मी दार उघडायच्या आत निघाले.

पुढची वेळ आलीच नाही. अहवाल द्यायच्या दिवशी टेबलाशी बसून मी तिसरी भेट लिहिली. वेळसुद्धा घातली, चार वाजून दहा मिनिटं. नुसतं 'चार' संशयास्पद दिसलं असतं.

घर बंद, म्हणून आत आवाज किती येईल हेही कुणी तपासलं नाही. टॉवरचा जनरेटर कुठेतरी बसवायचाच होता. ज्या भिंतीबद्दल कुणाची हरकत नव्हती तिथे बसवला. काकूंच्या खाटेमागे, चार फुटांवर.

परवा, बुधवारी गेले तेव्हा त्यांनी अंथरूण स्वयंपाकघरात आणलं होतं. मी भिंतीला कान लावला आणि म्हटलं, काकू, खरंच गुरगुरतंय, मलाही ऐकू येतंय. त्या हसल्या. "तू पहिल्यापासून माझीच बाजू घेतेस. पण डोकं गेलंय माझं. लेक उगाच म्हणेल का?" पिशवी भरून दाराशी ठेवली आहे त्यांनी. चष्मा कुठल्या कप्प्यात आहे ते दोनदा दाखवलं मला.

तिसरी भेट झाली नव्हती, हे काल मी कार्यालयाला लेखी दिलं. त्याने जनरेटर हलेलच असं नाही, आणि माझी नोकरी राहील असंही नाही. तुझ्याकडे माफी मागत नाही. ती काकूंकडे मागायला हवी, आणि त्या चटकन देऊन टाकतील म्हणून माझी जीभ रेटत नाही. लिहितेय ते एवढ्याचसाठी, की त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. तुझा शब्द त्यांना खरा वाटतो. तू रविवारी येतेस, तेव्हा वीज असते, जनरेटर बंद असतो. दुरुस्तीसाठी वीज जाते ती बुधवारी, दहा ते पाच. वीस तारखेआधी एकच बुधवार उरला आहे. रजा काढ. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये, त्यांच्यादेखत त्या भिंतीला हात लाव, आणि तुला काय जाणवलं ते तुझ्या तोंडाने त्यांना सांग.

तुझीच म्हणवून घ्यायला कचरणारी,
तुझी बाकावरची शेजारीण